बोटीखालचा मासा

एकदा एक गुरुजी आपल्या तीन शिष्यांना घेऊन खोल समुद्रात मासे मारायला गेले. एवढे सांगितले की व्याख्यानाला आलेली मंडळी हसू लागतात. गुरू म्हटला की तो वडाखाली बसलेला असावा, शिष्य पायाशी असावेत, आणि फार तर एखादा पश्चात्तापदग्ध व्यापारी नमस्काराला आलेला असावा, अशी आपली समजूत असते. हे गुरुजी बर्फाच्या पेटीवर बसत. त्यांच्या शिष्यांचे केस पिकलेले होते आणि त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. बाकी मासे मारणाऱ्यांच्या गोष्टींवर किती विश्वास ठेवावा हे ज्याचे त्याने ठरवावे. अशी गोष्ट ऐकताना मी सांगणाऱ्याच्या दोन हातांमधले अंतर बघतो आणि मनातल्या मनात ते निम्मे करतो. या गोष्टीत मात्र निम्मे करण्यासारखे काही नाही.

गाव कोकणपट्टीवरचे, खाडीच्या तोंडाशी वसलेले. गुरुजी तिथल्या शाळेत गणित शिकवत आणि शाळा सुटली की त्याच मुलांना धक्क्यावर नेऊन गरी टाकायला शिकवत. गरी म्हणजे गळ आणि दोरी, एवढीच आयुधे. “पुस्तक डोळ्यांनी वाचायचं, दोरी बोटांनी,” असे ते सांगत. म्हातारपणी डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा लोकांनी हळहळ व्यक्त केली. गुरुजी म्हणाले, पुस्तके वाचून झाली आहेत, बोटे अजून शाबूत आहेत.

त्यांचे तीन शिष्य, सदानंद, हरेश्वर आणि मुकुंद, लहानपणापासून एकाच धक्क्यावर पाय सोडून बसलेले. पुढे सदानंदाने स्वतःची बोट केली, हरेश्वराने औषधांचे दुकान काढले, मुकुंद पोस्टात लागला. पण दर वर्षी दिवाळीनंतर तिघांनी बोट काढायची आणि मोठा कुपा धरायला लांब जायचे, हा नेम त्यांनी सोडला नव्हता. शहरातले लोक ज्याला ट्यूना म्हणतात तो हा मासा. किनाऱ्याजवळ त्याची लहान पोरेबाळे मिळतात, पण माणसाच्या वजनाचा कुपा हवा असेल तर संध्याकाळी निघून रात्रभर बोट चालवावी लागते, तेव्हा कुठे उजाडता उजाडता ते निळेकाळे पाणी लागते. तिथे चारी बाजूंना काही नसते. काही बिघडले तर हाकेला ओ देणारे कोणी नसते. म्हणून तिघांनी फार पूर्वी एक कायदा केला होता. ज्याच्या गळाला मासा लागला, त्याचा शब्द शेवटचा. तो सांगेपर्यंत बोट हलवायची नाही.

दोन वर्षे मात्र ही सहल झाली नव्हती. कारण सांगतो, म्हणजे पुढचे कळेल.

हरेश्वराची आई तो लहान असतानाच गेली होती. त्याला खाऊपिऊ घातले ते मुकुंदाच्या आईने. हा पोरगा दुपारी ओट्यापाशी घुटमळला की ती आतूनच म्हणायची, “जेवायच्या वेळेला आलास. बस.” आलास का, कशाला आलास, असे तिने कधी विचारले नाही. पोर नेमके जेवायच्या वेळेला आले याचा तिला दर वेळी नव्याने आनंद होई. हरेश्वर तिला काकी म्हणे. दोन वर्षांपूर्वी काकी गेली, आणि हरेश्वर तिला पोचवायला आला नाही. गावातल्या गावात असूनही खांदा द्यायला आला नाही. आला तो एकदम तेराव्याला. पंगत बसत होती. मुकुंद दारात उभा होता. डोके भादरलेले, डोळे सुजलेले. त्याने हरेश्वराला पाहिले आणि सर्वांदेखत म्हणाला, “जेवायच्या वेळेला बरोब्बर आलास.”

शब्द तेच होते, आईचेच. हरेश्वर उंबऱ्यावरून परत फिरला.

त्यानंतर दोघांत बोलणे नाही. ‘त्याने आधी यावे,’ मुकुंद म्हणे. ‘त्याने आधी बोलावे,’ हरेश्वर म्हणे. दोघेही आपली बाजू घेऊन गुरुजींकडे स्वतंत्रपणे जात आणि विचारत, “गुरुजी, तुम्हीच सांगा, आधी कोणी?” गुरुजी शेंगदाणे सोलत बसत आणि उत्तर देत नसत. गणिताच्या मास्तराला उत्तर येत नाही म्हणजे गणितच चुकीचे मांडलेले असावे, असे सदानंदाला वाटू लागले होते.

यंदा गोष्ट हाताबाहेर गेली. मुकुंदाचा मुलगा ऑस्ट्रेलियात स्थिरावला होता आणि बापाला कायमचे न्यायला आला होता. घर आवरणे सुरू झाले होते. पुढच्या आठवड्यात विमान. आणि हरेश्वराच्या हृदयात उन्हाळ्यातच स्टेंट बसवली होती, म्हणजे मुकुंद कधी परत येईल तेव्हा तो भेटेलच, अशी खात्री डॉक्टरसुद्धा देत नव्हते. सदानंदाने दोघांकडे वेगवेगळे जाऊन एकच थाप मारली की समोरचा येणार नाहीये. धक्क्यावर दोघे समोरासमोर आले तेव्हा दोघांच्याही पाठी वळणार होत्या, पण बोटीत बर्फाच्या पेटीवर टोपी घालून गुरुजी बसलेले होते. गुरुजींसमोरून पाठ फिरवायची दोघांनाही सवय नव्हती. निमूटपणे चढले.

हरेश्वराच्या बायकोने सदानंदाला बाजूला घेऊन बजावले होते, “भावोजी, जड काही ओढू देऊ नका हो यांना.” सदानंदाने मान हलवली होती. ती मान त्याला पुढचा सगळा दिवस जड झाली.

सकाळी खोल पाण्यावर पोचल्यावर सदानंदाने इंजिन बंद केले. गुरुजींना रात्रीच्या डोलण्याने मळमळत होते, ते आत केबिनमध्ये आडवे झाले. हरेश्वर डाव्या बाजूला पुढे उभा राहिला, मुकुंद उजव्या बाजूला मागे. बोटीवर एकमेकांपासून याहून लांब उभे राहणे शक्य नव्हते, नाहीतर त्यांनी तेही केले असते. दोघांनी जिवंत बांगडे गळाला लावले आणि जाड काठ्या पोटाच्या पट्ट्यात खोचून दोऱ्या सोडल्या. हरेश्वराने गळाच्या वर, नेहमीप्रमाणे, शर्टाचे एक पांढरे बटण ओवले होते. ही युक्ती मुळात मुकुंदाची. शाळेत असताना त्याने आपल्या शर्टाचे बटण तोडून गळावर लावले होते, चकाकले की मासा येतो म्हणून. मासा काही आला नव्हता, पण हरेश्वराने तेव्हापासून बटणाशिवाय गळ टाकला नव्हता. दोघांच्या शर्टांची तुटलेली बटणे काकी शिव्या देत देत लावून द्यायची.

दक्षिणेकडे आकाशाच्या कडेला एक मळकट पट्टा दिसत होता. सदानंद त्याच्याकडे बघत होता.

पहिला मासा हरेश्वराला लागला. यात शंका नाही, कारण रीळ असे किंचाळले की आत पडलेले गुरुजीही उठून बसले. दोरी सरळ खाली गेली, मग एकदम वळली आणि बोटीच्या पोटाखाली घुसली. क्षणभरात मागच्या बाजूने मुकुंद ओरडला, “लागला! मलाही लागला!”

सदानंद आनंदाने नाचायचाच बाकी राहिला. दोन मित्र, दोन कुपे, आता एखादा तरी दुसऱ्याला हाक मारील, ‘बघ केवढा आहे’ म्हणेल. कोणी मारली नाही. दोघे पाठीला पाठ करून ओढत राहिले.

बराच वेळ गेला. हरेश्वर चार हात दोरी गुंडाळी, की दोरी पुन्हा पाच हात निसटे. मुकुंदाचेही तेच. हरेश्वराचा सदरा घामाने पाठीला चिकटला. त्याच्या ओठांभोवतीचा रंग सदानंदाला आवडेना.

“हऱ्या, पाणी पी. मी धरतो काठी थोडा वेळ.”

“हात लावायचा नाही.” हरेश्वर दातांतून म्हणाला. “त्याला सांग, त्याची दोरी सांभाळ म्हणावं. इकडे येऊ देऊ नको.”

त्याला म्हणजे मुकुंदाला. तो दहा पावलांवर होता. सदानंद मागे गेला आणि निरोप सांगितला.

“मग त्याला सांग,” मुकुंद म्हणाला, “समुद्र काय त्याच्या दुकानात घातलाय का म्हणावं.”

सदानंद निरोप्या झाला होता. इतक्यात वायरलेसवर दुसऱ्या एका बोटीचा तांडेल ओरडताना ऐकू आला. दक्षिणेकडून वारा उठला आहे, पाणी फुगते आहे, जे कोणी बाहेर असतील त्यांनी ताबडतोब परत फिरावे. तो मळकट पट्टा आता वर चढला होता आणि त्याच्याखाली समुद्राचा रंग बदलला होता. बोट डोलत होती ती एका बाजूला जास्त डोलू लागली.

आणि इथे सदानंदाने कठड्यावरून वाकून पाण्याकडे पाहिले. दोन्ही दोऱ्या बोटीच्या पोटाखाली होत्या. इंजिन सुरू केले असते तर दोरी पंख्यात गुंडाळली गेली असती, आणि पंखा अडकलेली बोट वादळात म्हणजे लाकडाचा ओंडका. दोऱ्या वर आल्याशिवाय किंवा कापल्याशिवाय घराकडे एक हातही सरकता येणार नव्हते.

“दोऱ्या कापा,” तो ओरडला. “दोघांनीही. आत्ताच्या आत्ता.”

“मासा लागलाय,” हरेश्वर म्हणाला. “कायदा आहे आपला.”

“कायदा गेला खड्ड्यात! वारा दिसतोय का तुम्हाला?”

“मग त्याला कापायला सांग आधी. त्याने कापली की मी कापतो.”

सदानंद मागे धावला. मुकुंदाच्या तळहातांची साले निघाली होती. तो वळला नाही.

“त्याने आधी कापू दे,” मुकुंद म्हणाला. “दर वेळी मीच का आधी?”

सदानंद बोटीच्या मधोमध उभा राहिला. त्याला बायको आठवली, बोट आठवली, हरेश्वराच्या बायकोपुढे हलवलेली मान आठवली. सुरी त्याच्या कमरेलाच होती. पण कायदा मोडून मित्राच्या हातातला मासा कापायचा, तोही या दोघांपैकी एकाचा आधी? ज्याचा आधी कापू तो दुसऱ्याच्या बाजूचा म्हणून मलाही टाकील. भीतीपोटी माणसे पोरकट हिशेब करतात, त्यातला हा एक. तो केबिनच्या दाराशी गेला आणि म्हणाला, “गुरुजी, हे दोघं आपल्याला मारणार आज.”

गुरुजी भिंतीला धरून बाहेर आले. चेहरा पांढराफटक होता. मुकुंद जवळ होता म्हणून ते आधी त्याच्याकडे गेले. काठीच्या पुढे वाकून त्यांनी ताणलेल्या दोरीवर दोन बोटे ठेवली आणि डोळे मिटले. कोणाची नाडी बघावी तसे ते थोडा वेळ उभे राहिले. मग वळले, सदानंदाचा खांदा धरून डोलत्या फळ्यांवरून पुढे गेले आणि हरेश्वराच्या दोरीवर बोटे ठेवली. लाटेचे पाणी त्यांच्या अंगावर उडाले तरी बोटे हलली नाहीत.

मग त्यांनी हरेश्वराच्या रिळाचा ब्रेक सैल केला.

“गुरुजी!” हरेश्वर किंचाळला. “मासा जाईल!”

दोरी सरसर सुटू लागली. त्याच क्षणी मागून मुकुंदाचा आवाज आला, “येतोय! सदा, येतोय, दमला मासा!”

गुरुजींनी ब्रेक आवळला. मागून आवाज आला, “अरे अरे, थांबला! पुन्हा अडला मेला!”

गुरुजींनी ब्रेक सैल केला. “येतोय, येतोय!”

आवळला. “अडला!”

 हरेश्वराने हातातल्या दोरीकडे पाहिले. ती पाण्यात शिरत होती आणि बोटीच्या पोटाखाली वळत होती. मग त्याने दोन वर्षांत प्रथमच आपणहून मान वळवून मुकुंदाच्या पाठीकडे पाहिले. त्या पाठीवरचा सदराही घामाने चिकटला होता. गुरुजींनी पुन्हा ब्रेक सैल केला, आणि ती पाठ आनंदाने मागे झुकली.

खरा कुपा केव्हाच गेला होता. बोटीखाली वळताना त्याने एकाची दोरी दुसरीत गुंतवली होती, गळ झटकून टाकला होता आणि तो आपल्या वाटेने निघून गेला होता.

सदानंदाच्या ध्यानात आले तेव्हा त्याच्या घशातून हसू फुटणार होते. गुरुजींनी हात वर करून त्याला गप्प केले. हे हसण्यावारी नेण्याचे प्रकरण नाही हे त्यालाही कळले, कारण दक्षिणेकडचा वारा आता कानांत घुमू लागला होता.

“म्हणजे इतका वेळ हा गाढव मला ओढत होता?” हरेश्वर पुटपुटला.

“आणि तो कोणाला ओढत होता?” गुरुजींनी विचारले.

हरेश्वराने पुन्हा आपल्या दोरीकडे पाहिले.

“माशाची ओढ वेगळी असते, बाळ. तिच्यात शेपटीची थरथर असते. दोन्ही दोऱ्यांना बोट लावून पाहिलं मी. थरथर कुठेच नाही, नुसता हट्ट आहे. आणि दोन्हीकडे सारखाच.”

हरेश्वराने कमरेची सुरी काढली.  “कापतो मी. चला, जाऊ घरी.”

गुरुजींनी त्याचे मनगट धरले. वारा अंगावर येत असताना हा म्हातारा कापू का देत नाही, हे सदानंदाला काही केल्या समजेना. एवढ्या वेळात इंजिन सुरू झाले असते. तो कळवळून म्हणाला, “गुरुजी, वेळ नाही हो!”

“कापायचं नाही,” गुरुजी म्हणाले. “कापलीस तर तो म्हणेल, माझा मासा सुटला. परदेशात बसून जन्मभर त्या माशाची गोष्ट सांगेल, आणि मासा दर वर्षी वाढत जाईल. तुमच्या भांडणाचं दोन वर्षं तेच झालं आहे. तू दोरी सोड. सगळी सोड. त्याला ओढून घेऊ दे. वर काय येतं ते त्याच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे.”

“पण गुरुजी, मीच का?” हरेश्वराचा आवाज लहान मुलासारखा झाला. “बोलला तो होता. सगळ्यांसमोर बोलला. आधी त्याने...”

“आधी कोणी, हे तुम्ही दोघं मला दोन वर्षं विचारता आहात,” गुरुजी म्हणाले. त्यांचा श्वास लागला होता, तरी ते सावकाश बोलले. “मला उत्तर येत नव्हतं, कारण चूक कोणाची जास्त यावर ते काढायचा मी प्रयत्न करत होतो. त्या वाटेने ते सुटत नाही. आज सुटलं. तो अजून समजतो आहे की टोकाला मासा आहे. तुला ठाऊक झालं आहे की टोकाला मुकुंद आहे. ज्याला आधी कळलं, त्याने आधी सैल सोडायचं. ज्याला कळलेलंच नाही तो बिचारा कसा सोडेल? अधिक कळण्याचा मान एवढाच असतो, हरेश्वरा, की पहिलं पाऊल आपल्याला टाकावं लागतं.”

हरेश्वराने रिळाचा ब्रेक पूर्ण मोकळा केला.

मागे मुकुंद वेड्यासारखा रीळ फिरवू लागला. “आला! सदा, हूक आण! आला!” सदानंद इंजिनाच्या किल्लीवर हात ठेवून उभा होता आणि मनात देवाची नावे घेत होता. एक लाट आडवी आली, बोट कलली, बर्फाची पेटी घसरत जाऊन कठड्यावर आदळली. हरेश्वराने गुरुजींना कवेत धरले. दोरी सुटत होती, सुटत होती. त्याच्या छातीत दुखत नव्हते, पण दुखेल की काय या भीतीने तो श्वास मोजून घेत होता. मुकुंदाने अजून वळून पाहिले नव्हते, आणि हरेश्वराला वारा, लाटा, छाती या सगळ्यांपेक्षा त्या वळण्याचीच भीती वाटत होती. तो काय म्हणेल? तो पुन्हा सर्वांदेखत काही म्हणाला तर?

मग रीळ थांबले.

मुकुंद कठड्यावरून वाकला. त्याच्या गळात दुसरा गळ अडकून वर आला होता. त्या गळाच्या वर शर्टाचे पांढरे बटण होते. आणि तिथून एक दोरी निघून, पाण्यात शिरून, बोटीच्या पोटाखालून पलीकडे गेली होती.

तो किती तरी वेळ वाकलेलाच राहिला. सदानंदाला वाटले याला चक्कर आली. मग मुकुंदाने ते बटण चिमटीत धरले, सुरी काढली आणि गळ बटणासकट कापून घेऊन खिशात टाकला. हरेश्वराने आपल्या बाजूने राहिलेली दोरी भराभर गुंडाळली. शेवटचा हात वर आला आणि सदानंदाने किल्ली फिरवली.

पुढचा प्रवास कसा झाला हे त्या तिघांपैकी कोणी नीट सांगत नाही. वारा मागून येत होता आणि लाटा बोटीला उचलून पुढे फेकत होत्या. सदानंद सुकाणू धरून होता. हरेश्वर आणि मुकुंद यांनी गुरुजींना मध्ये बसवले होते आणि दोन्ही बाजूंनी धरून ठेवले होते, त्यामुळे त्यांना एकमेकांकडे बघावे लागत नव्हते.  मुकुंदाचा चेहरा दगडासारखा होता. हरेश्वराला वाटत होते, सोडून काही उपयोग झाला नाही, उलट याचा अपमानच झाला. आता हा आठवड्याने जाईल आणि मी याचे हसे केले असेच समजून जाईल.

दुपार कलली तेव्हा तो न राहवून बोलला. गुरुजींच्या डोक्यावरून, इंजिनाच्या आवाजात, समोर बघत बोलला. “काकीला पोचवायला मी आलो नाही. मला तिला तिरडीवर बघवलं नसतं, मुकुंदा. मी धक्क्यावर बसून होतो. तुम्ही नेताना वरच्या वाटेवरून आवाज येत होता, तो ऐकत होतो. उठायला पाय नव्हते. मी खांदा द्यायला हवा होता.”

मुकुंदाने ऐकले की नाही कळले नाही. तो समुद्राकडे बघत होता. गुरुजींनी डोळे मिटले होते.

खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. इथे बोटी उलटतात, हे त्या गावात प्रत्येक घराला माहीत आहे. सदानंदाने इंजिन हळू केले, एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, आणि तिसरीच्या पाठीवर बोट घातली. बोट उभी राहिल्यासारखी झाली, सगळे पुढे फेकले गेले, आणि हरेश्वराला आपल्या दंडावर पाच बोटे रुतल्याचे जाणवले. गुरुजींच्या पाठीमागून मुकुंदाने त्याला धरले होते. बोट खाली आली, पाणी सपाट झाले, खाडी लागली. बोटे तिथेच राहिली.

धक्क्यावर दिवे लागले होते. काळजीने जमलेली माणसे होती, हरेश्वराची बायकोही होती. बोट सुखरूप लागलेली पाहिल्यावर माणसांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांना लगेच चेष्टा सुचू लागली. रिकाम्या पेटीत डोकावून कोणीतरी विचारले, “काय हो, एवढ्या लांब जाऊन काहीच नाही?”

“मला लागला होता,” मुकुंद म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा नेहमीचा आवाज निघाला. “मोठा. अर्धा दिवस झुंजलो.”

“केवढा होता?”

मुकुंदाने हात पसरले नाहीत. त्याने हरेश्वराच्या सदऱ्याची कॉलर धरून त्याला पुढे ओढले. “एवढा,” तो म्हणाला. “हा काय.”

लोक हसले, त्यांना वाटले विनोद आहे. हरेश्वरालाही हसू आले आणि मग त्याला रडू आवरेना. पुरुष माणूस धक्क्यावर चार लोकांत रडतो आहे म्हणून बायको घाबरून पुढे आली. त्याने तिला हातानेच थांबवले.

गुरुजींना सदानंदाने घरी सोडायला घेतले. मुकुंद सामानाची पिशवी खांद्याला लावून आपल्या घराकडे चार पावले गेला. त्या घरातली कपाटे रिकामी झाली होती, भांडी खोक्यांत भरली गेली होती, चूल एवढी अजून चालू होती. तो थांबला, वळला, खिशातले पांढरे बटण काढून त्याने हरेश्वराच्या तळहातावर ठेवले.

“जेवायच्या वेळेला आलास,” तो म्हणाला. “चल.”

वाचकहो, तुमच्याही हातात एखादी दोरी बरीच वर्षे ताणलेली असेल. ती एकदा सैल सोडून बघा, आणि पलीकडून कोणाचा आवाज येतो ते ऐका.